गाडी मनं आयकत नही! रिमोट चावीच्या सेलवर वाचकांचे प्रश्न

यावेळी टायर नाही, क्लच नाही, मायलेज तर नाहीच. पत्रांत आणि व्हॉट्सॲपवर सगळीकडे चावीच चावी. चोपड्याच्या एका भाऊंनी तर नुसतं एवढंच लिहिलंय, 'भो, गाडी मनं आयकत नही' (म्हणजे गाडी माझं ऐकत नाही), खलास, ना गाडीचं नाव, ना मॉडेल, ना काय झालं ते. पण बाकीच्यांचं रडगाणंही तेच आहे म्हणून मथळा त्यांचाच घेतला. खालचं सगळं पुश बटण स्टार्टवाल्या गाड्यांबद्दल आहे, म्हणजे चावी खिशात ठेवून दाराच्या हँडलचं बटण दाबलं की उघडतात त्या. साध्या रिमोटवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल.

प्रश्न (अमळनेर): गाडी चार वर्षं जुनी आहे. आधी गॅलरीतून बटण दाबलं की खाली गाडी लॉक व्हायची, आता पार गाडीला चिकटून उभं राहावं लागतं आणि तरी दोन-तीनदा दाबावं लागतं. मेकॅनिक म्हणतो चावीच गेली, नवीन बनवा. चावीत सेल असतो म्हणतात, तोच गेलाय हे घरी ओळखायचं कसं?

उत्तर: आधी त्या मेकॅनिकला थांबवा दादा. नवीन चावी म्हणजे चावी, कोडिंग (गाडीला त्या चावीची ओळख करून देणं), चकरा, सगळं धरून काही हजारांचा खड्डा, आणि तुम्ही जे लिहिलंय ते तर सेल वीक झाल्याचं अगदी ठळक लक्षण. चावीतला सर्किटचा भाग बिघडला तर तो बहुतेक एकदम बिघडतो, काल चालत होती आज नाही. सेल तसा जात नाही. तो आठवडेच्या आठवडे कुरकुरतो, आधी गॅलरीतून चालेना, मग रस्त्याच्या पलीकडून चालेना, मग दोनदा दाबा, मग कधीतरी बटण दाबून गाडी चालू करताना मीटरवर 'की नॉट डिटेक्टेड' येतं आणि परत दाबलं की गाडी चालू होते म्हणून आपण विसरून जातो. बऱ्याच गाड्या तर चावीची बॅटरी लो आहे असं मीटरवर सरळ लिहून दाखवतात, पण आपल्याकडे मीटरवर डिझेलच्या काट्याशिवाय वाचतो कोण.

आता तपासायचं कसं. पहिलं काम, दुसरी चावी काढा. गाडी घेतली तेव्हा दोन मिळाल्या असतील, दुसरी कपाटात दागिन्यांच्या डब्यात असेल नाहीतर लग्नाच्या अल्बमखाली. ती घेऊन गाडीजवळ जा, पण रोजची चावी घरातच कोणाच्या तरी हातात देऊन या, नाहीतर गाडी कोणती चावी ओळखतेय तेच कळणार नाही. दुसरीने लांबून नीट चाललं तर गाडी ठणठणीत आहे, दोष रोजच्या चावीत, आणि त्यातही पहिला संशय सेलवरच. दोन्ही चाव्या तशाच रडत असतील तर लगेच गाडीवर आळ घेऊ नका, कारण कपाटातल्या चावीचा सेलही तितकाच जुना आहे. लोकांना वाटतं वापरलीच नाही तर सेल कसा संपेल. संपतो. पुश बटणवाली चावी खिशात असो की कपाटात, ती शेतातल्या रखवालदारासारखी कायम कान टवकारून बसलेली असते, गाडीची हाक येते का बघत, आणि त्याला थोडा थोडा करंट लागतोच. म्हणून एका चावीत नवा सेल टाका आणि मग परत बघा. तरी चालली नाही तर गाडीकडे वळा.

दुसरं, चावीवर बारीक लाल लाइट असतो, सगळ्यांत नाही पण बऱ्याच चाव्यांत असतो. सावलीत बटण दाबून बघा. लागतच नाही किंवा मिणमिणतो, तर सेलच.

तिसरं मल्टिमीटर. घरात नसेल तर गल्लीतल्या कुठल्याही वायरमनकडे असतो. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो, ३.१-३.२ असं काहीतरी. २.८ च्या खाली गेला की मी तरी बदलून टाकतो. पण इथेच लोक फसतात. वीक सेल नुसता मोजला तर आरामात २.९ दाखवतो, मोजणारा म्हणतो सेल एकदम ओके आणि संशय जातो चावीवर. सेल जुना झाला की त्याचा आतला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो, नुसता पडून असताना व्होल्टेज दिसतं चांगलं, पण बटण दाबल्यावर चावी सिग्नल पाठवायला करंट ओढते आणि तेवढ्या क्षणाला ते व्होल्टेज बसतं. म्हणून लोड देऊन मोजायला सांगा. वायरमनकडे २२० ओहमचा रेझिस्टन्स म्हणतात तो बारका पार्ट असला तर तो सेलच्या दोन्ही बाजूंना एक-दोन सेकंद लावून मीटर बघायचं, मग तसंच नव्या सेलवर करायचं. नवा थोडा खाली येऊन थांबतो, संपलेला घसरतच जातो. डोळ्यांनी फरक दिसतो, वेगळा हिशोब लागत नाही.

एवढा व्याप नको असेल तर सरळ नवा सेल टाकून बघा, पन्नास-शंभर रुपयांचा प्रश्न आहे. सेल कुठला ते जुन्यावरच कोरलेलं असतं. सीआर२०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. सीआर२०२५ तेवढाच रुंद पण २.५ जाड. सीआर१६३२ रुंदीला लहान, १६ मिलिमीटर. जो निघाला तोच टाकायचा, 'हाच चालून जाईल' म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकायचं नाही. आणि सेल बदलला म्हणून कोडिंग जात नाही, चावीची ओळख आतल्या चिपमध्ये कायमची असते, त्यामुळे 'सेल काढला की प्रोग्रॅमिंग उडतं' असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून घरी या.

प्रश्न (भुसावळ): आमच्याकडे दर उन्हाळ्यात चावीचा सेल जातो. पुण्याला मेहुणे आहेत, सेम गाडी, त्यांचा दोन-दोन वर्षं जातो. आमच्या गाडीतच प्रॉब्लेम आहे का?

उत्तर: गाडीत नाही, भुसावळात आहे! गंमत सोडा, पण मे महिन्यात तुमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो हे राज्यभर माहीत आहे. बाहेर ४५ असताना काचा लावून उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास सहज जातो, आणि हे बारके लिथियम सेल साधारण ६० पर्यंतच्या कामासाठी बनवलेले असतात. एवढ्या उष्णतेत सेल वापर नसतानाही आतल्या आत रिता होत जातो. आता मला सांगा, एक चावी डॅशबोर्डवर नाहीतर गिअरजवळच्या खाचेत टाकून ठेवायची सवय आहे का घरात कोणाला? बऱ्याच घरांत असते. त्यात दुहेरी नुकसान आहे, काही गाड्यांत चावी आत किंवा अगदी शेजारी असली की गाडी आणि चावी मधूनमधून एकमेकींना हाका मारत राहतात, त्यात चावीचा सेलही जातो आणि गाडीची मोठी बॅटरीही.

घरातही तेच. पोर्चमध्ये गाडी आणि भिंतीच्या अलीकडे दोन हातांवर चावी टांगायचा खिळा, असं असेल तर खिळा आतल्या खोलीत न्या. साधारण वर्ष ते तीन वर्षं सेल टिकतो, तुमच्याकडे दीड वर्ष टिकला तरी मी चांगलं म्हणेन. आणि दुकानातून घेताना पॅकवरची तारीख बघत जा, सुटा सेल काचेच्या बरणीतून काढून देणारे असतात, तो बरणीत किती उन्हाळे काढून आलाय देव जाणे.

प्रश्न (शहादा): यूट्यूबवर बघून मी स्वतःच सेल बदलला, नवाकोरा, चांगल्या कंपनीचा. आता चावी पूर्णच बंद, आधी निदान जवळून तरी चालत होती. काय झालं असेल?

उत्तर: घाबरू नका, यात चावी मेली असं फार क्वचित होतं. उघडा परत. नखाने किंवा मऊ प्लॅस्टिकच्या पट्टीने, स्क्रू ड्रायव्हरने नाही, त्याने कडा फुटतात आणि मग पावसाचं पाणी आत.

आता आधी सेलची बाजू बघा. ज्या सपाट बाजूवर अक्षरं आणि अधिकचं चिन्ह असतं ती प्लस. चावीच्या खाचेतही बहुतेक कोरलेलं असतं, पण घाईत दिसत नाही. उलटा बसला असेल तर सुलटा करा, विषय संपला. मग जाडी. २०३२ च्या जागी २०२५ दिला असेल तर तो खाचेत बसतो छान पण ०.७ मिलिमीटर कमी असल्याने आतली पत्र्याची पट्टी त्याला टेकत नाही, किंवा टेकते आणि चावी हलवली की सुटते. जाडी जुन्याएवढीच आहे का? मग ती पट्टीच बघा, जुना सेल उचकटताना ती दबली असेल, सुईच्या टोकाने अगदी हलकी वर घ्यायची, अगदी हलकी, तुटली तर मग खरंच चावीचं दुकान.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही कंपन्या सेलवर कडू चवीचा थर देतात. चांगली गोष्ट आहे, पण तो थर काही ठिकाणी करंट नीट जाऊ देत नाही. तुमचा सेल 'चांगल्या कंपनीचा' आहे म्हणून हे मुद्दाम सांगतोय. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कापसाने सेलच्या दोन्ही बाजू पुसा, आतली पट्टीही पुसा, वाळू द्या. बोटांचा घाम आणि तेल लागलं असेल तर तेही त्यात निघेल. सेल पुढच्या वेळी कडेला धरून बसवायचा.

रिचार्जेबल तर नाही ना घेतला? एलआयआर२०३२ म्हणून येतो, दिसायला तोच, पण पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातो, ३ व्होल्टच्या चावीत तो घालू नये. आणि उलट साधा सीआर सेल चार्ज करायचा प्रयत्नही करू नये, फुटतो.

हे सगळं करून लाल लाइट लागतो पण गाडी ऐकत नाही असं असेल, तर चावी स्टार्ट बटणाला टेकवून गाडी एकदा चालू करा. चावी दरवेळी नवा कोड पाठवते, आणि घरात पोरांनी खेळताना बटण खूप वेळा दाबलं असेल तर काही गाड्यांत दोघींचा कोड मागेपुढे होतो. तो जुळवायची पद्धत मॅन्युअलमध्ये असते. आणि लॉक चालतं, अनलॉक तेवढं चालत नाही असं असेल तर सेलला सोडा, त्या बटणाखालचा बारका स्विच गेलाय. मोबाइल रिपेअरवाला बदलून देतो, जळगावला गोलाणी मार्केटमध्ये असं बारीक सोल्डरिंग करणारे मिळतात.

प्रश्न (यावल): मागच्या महिन्यात मनुदेवीला दर्शनाला गेलो, परत आलो तर गाडी उघडेचना. सोबत सासूबाई, दोन मुलं, वर ऊन. शेवटी जळगावहून भाऊ दुसरी चावी घेऊन आला. असं झालं तर जागेवर काय करायचं?

उत्तर: ताई, भावाला एवढं पळवायची गरज नव्हती, पण हे तुम्हाला गाडी देताना कोणीतरी दाखवायला हवं होतं. डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे, फोटो सगळं होतं, हे दोन मिनिटांचं राहून जातं.

तुमच्या चावीच्या पोटात लोखंडी चावी आहे. कडेला बारकं बटण किंवा सरकवायची कडी असते, ती दाबून ओढली की पातं बाहेर येतं. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलजवळ कुलपाचं भोक असतं, काही गाड्यांत ते प्लॅस्टिकच्या टोपणाखाली लपवलेलं असतं, टोपणाच्या खालच्या फटीत तेच पातं घालून उचकटायचं. दार उघडलं की भोंगा वाजू शकतो, अशा वेळी दचकून दार परत लावू नका, गाडी चालू झाली की तो थांबतो.

आता चालू करणं. सेल पूर्ण मेलेला असला तरी चावीत आणखी एक चिप असते तिला सेल लागत नाही, गाडी जवळून जे चुंबकीय क्षेत्र सोडते त्यावरच ती जागी होऊन आपली ओळख सांगते. म्हणून चावी स्टार्ट बटणाला टेकवून धरायची, ब्रेक दाबायचा (मॅन्युअल गिअर असेल तर क्लच) आणि बटण दाबायचं. बऱ्याच गाड्यांत चावीनेच ते बटण दाबायला सांगतात. काही मॉडेलमध्ये ही जागा बटणाजवळ नसून कप ठेवायच्या खाचेत किंवा स्टिअरिंगच्या दांड्याजवळ असते, ती आजच घरी बसून मॅन्युअलमध्ये बघून ठेवा आणि एकदा करूनही बघा. तिकडे सातपुड्याच्या पायथ्याला नेटवर्क मिळेल न मिळेल.

यातून निदानही होतं बरं का. खिशात असताना गाडी चावी ओळखत नाही आणि बटणाला टेकवल्यावर लगेच चालू होते, म्हणजे गाडी चांगली, चिप चांगली, सेल मेला. वाटेत कुठल्याही घड्याळवाल्याकडे सेल घ्या. पण टेकवूनही काही नाही, मीटरवर लाइटच येत नाहीत, आतला दिवा मंद किंवा बंद, नुसतं टकटक वाजतंय, तर चावीचा काही दोष नाही, गाडीची १२ व्होल्टची बॅटरी बसलीय. चांगली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ दाखवते, १२ च्या खाली असेल तर जंप स्टार्टचं, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून चालू करायचं बघा. चावीची गेली काय नि गाडीची गेली काय, कुठलीही बॅटरी गेली तरी दारावर लक्षण सारखंच दिसतं, गाडी उघडत नाही, आणि म्हणूनच लोक चावीचे सेल बदलत बसतात.

प्रश्न (धुळे): डिसेंबर-जानेवारीत सकाळी चावी चालत नाही, दुपारी एकदम फर्स्ट क्लास. हे कसं काय?

उत्तर: धुळ्याची थंडी! पारा सात-आठवर आला की सेलचा आतला रेझिस्टन्स वाढतो, आधीच वीक असलेला सेल सकाळी हात टेकतो, ऊन चढलं की परत उठतो. खिशात थोडा वेळ गरम करून दाबलं की चालेल. पण नवा सेल एवढ्या थंडीला दाद देत नाही, म्हणजे तुमचा संपत आलाय, बदलून टाका.

प्रश्न (रावेर): टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरला की लाइट दिसतो, तशी गाडीची चावी धरली, काही दिसलं नाही. म्हणजे सेल गेला ना?

उत्तर: नाही हो दादा. टीव्हीचा रिमोट इन्फ्रारेड प्रकाश सोडतो म्हणून कॅमेऱ्याला दिसतो, गाडीची चावी रेडिओवर बोलते, आपल्याकडे ४३३ मेगाहर्ट्झवर. ते कुठल्याच कॅमेऱ्यात दिसत नाही, नवी चावी धरली तरी. केळीचे घड मोजायला तो कॅमेरा वापरा, चावीला नको.

प्रश्न (पारोळा): रिमोटचं बटण दाबलं तर लांबून छान चालतं, पण दाराच्या हँडलवरचं बटण दाबलं तर काहीच नाही. शोरूमवाले सेल बदला म्हणतात, बदलला, फरक शून्य.

उत्तर: फरक पडणारच नव्हता. लांबून छान चालतं याचा अर्थ सेल चांगला आहे. हँडलचा रस्ता वेगळा असतो. तुम्ही ते बटण दाबलं की गाडी आधी कमी फ्रिक्वेन्सीवर, १२५ किलोहर्ट्झच्या आसपास, हाक मारते, ती जेमतेम मीटर-दीड मीटर जाते. ती ऐकून चावी मग रेडिओने उत्तर देते. यात हँडलचं बटण, दारातला अँटेना, चावीची ऐकायची बाजू, काहीही अडलेलं असू शकतं. शेजारचं दार आणि डिकीचं बटण दाबून बघा. तिथे चाललं तर तुमच्या दाराच्या हँडलचा स्विच, धूळ आणि गाडी धुताना मारलेलं प्रेशरचं पाणी त्याला फार लवकर खातं. कुठेच चाललं नाही तर आधी चावी आणि मोबाइल एकाच खिशात आहेत का ते बघा, वेगळे करा. मग सेटिंगमध्ये कीलेस फीचर कोणी बंद केलंय का ते बघा, काही गाड्यांत ते बंद करता येतं आणि पोरं स्क्रीनवर काय काय दाबतात. एवढं करून नाही जमलं तर शोरूममध्ये जा आणि सेलचं नाव काढू देऊ नका.

प्रश्न (चाळीसगाव): जुने काढलेले सेल कुठे टाकायचे? घरी डब्यात साठलेत.

उत्तर: तो डबा आधी उंचावर ठेवा काकू, घरात नातवंडं असतील म्हणून सांगतोय. गाडीसाठी संपलेल्या सेलमध्येही पोराच्या अन्ननलिकेला भाजण्याइतका करंट उरलेला असतो, आणि तिथे अडकला तर दोन तासांत जखम व्हायला लागते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करायला लावू नका, शौचातून पडेल म्हणून वाट बघू नका, सरळ एक्स-रे होईल अशा मोठ्या दवाखान्यात. सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ठेवा म्हणजे डब्यात एकमेकांना लागून गरम होत नाहीत, आणि मोबाइलच्या मोठ्या दुकानात किंवा नगरपालिकेच्या ई-कचऱ्याच्या संकलनात द्या. चुलीत किंवा कचरा पेटवताना आगीत कधीच टाकू नका.